परत केलेला गोल

सप्टेंबर 2012, इटलीतलं नेपल्स. लाझिओ या फुटबॉल संघाच्या मिरोस्लाव क्लोजेचा गोल पंचांनी मान्य केला होता. पण चेंडू त्याच्या हाताला लागून जाळ्यात गेला होता. क्लोजेने ते स्वतःहून सांगितलं. गोल रद्द झाला, आणि लाझिओ 3-0 ने हरला!

तरुणपणी सुतारकाम शिकलेल्या या जर्मन आघाडीवीराने चार विश्वचषकांत 16 गोल केले. 2014 मध्ये तो जगज्जेता झाला, 2016 मध्ये निवृत्त. मग 2018 साली बायर्न म्युनिक क्लबने 17 वर्षांखालील मुलं त्याच्या हाती सोपवली. गोल मारायला शिकवणारे पुष्कळ असतात. मिळालेला गोल परत करणारा गुरू त्या मुलांना लाभला, याचा मला मनापासून हेवा वाटतो. दोन वर्षांनी तो तिथल्याच मुख्य संघाचा सहायक प्रशिक्षक झाला.