डोंगराची फेरी आणि पाण्याचा हिशोब

पाणी ज्याच्या शिवारात पडतं त्याचं, की ज्याला गरज आहे त्याचं? आमच्या निफाडकडं पाऊस कमी झाला आणि जायकवाडीला पाणी सोडायचं ठरलं, की हा प्रश्न पारावर येतो. "आमच्या हद्दीतलं पाणी, आमच्या बागा वाळवून खाली का द्यायचं?" असं जो तो म्हणतो. मीही द्राक्षंच पिकवतो. पाणी खाली गेलं आणि एप्रिल छाटणीला कालवा कोरडा राहिला, तर पुढच्या वर्षाचं कर्ज कसं बोकांडी बसतं ते मला कुणी सांगायला नको.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी मी ब्रह्मगिरीच्या फेरीला जातो. कुशावर्तावर अंघोळ करायची, मग पेगलवाडी, पहिने, धाडोशी, भिलमाळ, सापगाव असा डोंगराला वळसा घालून परत त्र्यंबकला यायचं. वीसेक किलोमीटरची चाल. कुठं भातखाचराचा बांध, कुठं जंगल, कुठं गुडघाभर ओढा. बरेच जण रात्रीच निघतात. मी पहाटे निघतो, म्हणजे डोंगर बघायला मिळतो.

हा डोंगर दोन्हीकडं पाणी वाटतो. पुढच्या अंगाचं पाणी गोदावरी होऊन नाशिक, पैठण, नांदेड करत १४६५ किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला जातं. मागच्या अंगाचं वैतरणेला मिळतं. तिच्यावर धरणं बांधून मुंबईला पाणी नेलंय. थेंब या अंगाला पडला की त्या अंगाला, एवढाच फरक. आणि तोही वाऱ्याच्या हातात. हद्दीचे दगड माणसानं नंतर रोवले.

एका वर्षी मागच्या अंगाच्या वाडीत चहाला थांबलो. ओढे दुथडी भरून चालले होते. चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला म्हणालो, "मावशी, तुम्हाला पाण्याला काय तोटा!"

ती म्हणाली, "बाबा, आत्ता बघून काय सांगता! शिमग्यानंतर या. हंडा घेऊन दरीत उतरावं लागतं, नाहीतर टँकरची वाट बघत बसायचं."

उभा उतार, खाली काळा कातळ. पाणी तिथं ठरतच नाही, सगळं खाली पळतं. आमच्या गंगापूर धरणात जे साठतं ते याच डोंगररांगांवरचं.

आता हिशोब घाला. 'पडतं त्याचं' हा न्याय धरला, तर पहिला हक्क डोंगरावरच्या बाईचा. तिच्या छपरावर जेवढा पडतो तेवढा निफाडात कधीच पडत नाही. 'गरज त्याची' धरलं, तर पैठणकडच्या माणसाचा पिण्याचा हंडा माझ्या बागेच्या आधी भरला पाहिजे. दोन्ही न्यायात माझी बाग पहिली येत नाही. तरी आपण वरच्याचं घेताना गरज सांगतो आणि खालच्याला नाही म्हणताना हद्द सांगतो. एका दुकानात दोन मापं ठेवली तर त्याला आपण काय म्हणतो?

कुणी म्हणेल, आम्ही पाणीपट्टी भरतो, पाइपलाइनीसाठी कर्ज काढतो, घाम गाळतो. खरंच आहे. त्या घामाचा हक्क पिकावर आहे, पावसावर कसा असेल?

२००५ च्या कायद्यानं खोऱ्यात समन्यायी वाटप करायचं ठरवलं. ते बरं झालं. पण वाटणीचं भांडण धरणात साठलेल्या पाण्यावरून होतं आणि वाडी राहते धरणाच्या वर. ती मोर्चातही नसते, बैठकीतही नसते.

माझ्या मतानं क्रम असा लागावा: आधी पिण्याचं, वरच्या वाडीचं आणि खालच्या गावाचं सारखंच. मग जनावरांचं. मग बागा, माझ्याही आणि खालच्यांच्याही. एखाद्या साली त्यापायी अर्धा एकर बाग सोडावी लागली तर घरात कुरकुर होणार, बँकही थांबणार नाही. तो तोटा मोठा आहे, मी तो लहान करून सांगत नाही. पण त्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्याशेजारी तो ठेवून बघावा लागेल.