छप्पर उघडणारे चौघे

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२, योहान ९:१-३

म्हैसूरजवळ कपिला नदीकाठी नंजनगूड हे गाव आहे. व्याधीतून सुटका मिळावी म्हणून लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे तेथे बरे झाले, अशी आख्यायिका आहे. लेकराला कडेवर घेऊन तेथे पोहोचलेल्या आईच्या मनातला प्रश्न आपल्या मंडळीतील आईच्याही मनात असतो : माझे मूल चालेल का?

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजवणारा आजार बहुधा मुलग्यांना होतो. मूल मांड्यांवर हात टेकून उठू लागते. बाराव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांना चाकांची खुर्ची लागते. तो पुष्कळदा आईकडील जनुकातून येतो, म्हणून आई स्वतःला दोषी मानते. परंतु जन्मांध मनुष्याविषयी ‘पाप कोणाचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. आपणही तो सोडून द्यावा.

प्रिय वाचकहो, आपल्या हातून आणखी एक अपराध घडतो. आपण अशा मुलासाठी सर्वांसमोर प्रार्थना करतो आणि तो उठला नाही की त्याचा विश्वास उणा ठरवतो. कफर्णहूमातील वृत्तांत नीट वाचा. प्रभूने विश्वास पाहिला, तो खाट वाहणाऱ्यांचाही! आणि पायांविषयी बोलण्यापूर्वी त्याने त्या मनुष्याला ‘मुला’ अशी हाक मारली. आधी नाते, मग पाय.

तेव्हा विश्वासाची कसोटी आपली आहे. ‘मी बरा होईन का?’ असे मुलाने विचारले, तर खोटा धीर देऊ नका. त्याच्या वयाला पेलेल इतके सत्य सांगा आणि जवळ बसा. सदरा कोणता घालावा, हे त्याला ठरवू द्या. उपासनेत शास्त्रपाठ त्याच्याकडे द्या. काही मुलांना शिकणेही जड जाते; त्याला हट्ट म्हणू नका. त्याच्या भावंडांची विचारपूस करा. थकलेल्या आईला एक दुपार विसावा द्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराची नोंद घेतली आहे. आपल्या मंदिराच्या पायऱ्यांनी ती घेतली आहे काय? त्या चौघांनी दुसऱ्याचे छप्पर उघडले; आपल्याला केवळ एक उतार बांधावयाचा आहे. येत्या रविवारी त्या दाराशी उभे राहून पाहा : कोणाचे लेकरू बाहेर राहिले आहे? प्रभू आपणांस वाहणारे हात देवो. आमेन.