तापणारा फोन आणि अपरिग्रह
जुना फोन तापू लागला की तो दुरुस्त करावा की मोडीत काढावा, हा प्रश्न अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपलीकडे संग्रह न करण्याचाही आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी एक. जैन साधूंचे ते महाव्रत. संग्रहातले दोष योगसूत्रांवरील व्यासभाष्य सांगते: मिळवणे, राखणे, गमावणे, आसक्ती आणि हिंसा. फोनच्या बाबतीत शेवटचा दोष सर्वांत जड. बॅटरीतला कोबाल्ट मुख्यतः काँगोच्या खाणींतून येतो आणि तिथे लहान मुलेही राबतात. म्हणून नुसती बॅटरी बदलून फोन आणखी काही वर्षे चालणार असेल, तर दुरुस्तीच धर्म्य.

मात्र मागचे झाकण उचलले गेले, स्क्रीन कडेने सुटू लागली, तर लिथियम-आयन बॅटरी फुगली असे समजावे. ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. आग लागू शकते. इथे फोन वापरत राहण्याचा मोह आवरणे हीच अहिंसा. बॅटरी बदलूनही मदरबोर्ड तापतच राहिला, तर फोन सोडावा. पण भंगारात नव्हे: तांब्यासाठी तारा जाळणाऱ्या, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवणाऱ्या हातांवर ती हिंसा ढकलली जाते. कपाटात पडून राहिलेला फोन हाही परिग्रहच. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याचे पुनर्चक्रण नोंदणीकृत केंद्रातच व्हायला हवे.