शंका हे पाप आहे काय?

धर्मग्रंथांत एकमेकांविरुद्ध वचने आढळली, तर श्रद्धावान मनुष्याने काय करावे? डोळे मिटावेत की प्रश्न विचारावा? बाराव्या शतकात फ्रान्समधील पीटर आबेलार या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने हा प्रश्न निर्भयपणे हाती घेतला.

आबेलारचा जन्म १०७९ साली नांत शहराजवळील ल पाले या गावी झाला. सरदार घराण्यातील थोरला मुलगा असूनही त्याने वारसा सोडून विद्या पत्करली. पॅरिसमध्ये त्याचे विवेचन ऐकण्यास दूरदूरचे विद्यार्थी येत. ‘होय आणि नाही’ या ग्रंथात त्याने १५८ प्रश्न घेऊन त्यांवरील धर्माचार्यांची परस्परविरोधी मते समोरासमोर मांडली. निर्णय मात्र दिला नाही. तो वाचकाच्या बुद्धीवर सोपविला. शंकेतून शोध आणि शोधातून सत्य, अशी त्याची भूमिका होती. तो नास्तिक नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

तरीही धर्मसत्तेने त्याला सोडले नाही. ११२१ साली स्वासाँ येथील धर्मसभेने त्याचा एक ग्रंथ त्याच्याच हाताने आगीत टाकावयास लावला. पुढे बर्नार या मठाधिपतीच्या आरोपांवरून पोपने त्याच्यावर मौन लादले. १०४२ नव्हे, ११४२ साली, क्लूनी मठाच्या आश्रयाखाली तो वारला. परंतु दोन्ही बाजू मांडून निर्णयाकडे जाण्याची त्याची रीत युरोपच्या विद्यापीठांत रुजली. ग्रंथ जळाला, पद्धत जगली!

येथेच थांबलो तर चित्र अपुरे राहील. एलोईझ ही त्याची विदुषी शिष्या. शिकविण्याच्या निमित्ताने तो तिच्या मामाच्या घरी राहिला. मनातला हेतू निराळा होता, हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले. त्यांना मुलगा झाला, गुप्तपणे विवाह झाला. मामाच्या माणसांनी रात्री हल्ला करून त्याचे पौरुष नष्ट केले. ही क्रूरता निंद्यच होय. पण त्यानंतर त्याच्या सांगण्यावरून मठात कायमची गेली ती एलोईझ. तिची इच्छा कोणी विचारली?

‘स्वतःला जाण’ या नीतिग्रंथात आबेलार म्हणतो की, वाईटाला मनाने दिलेली संमती हेच पाप. या कसोटीवर शंका पाप ठरत नाही; शिष्येचा विश्वासघात मात्र ठरतो. म्हणून वाचकहो, ग्रंथाला अवश्य प्रश्न विचारा. परंतु तोच प्रश्न आपल्या हेतूलाही विचारण्याचे धैर्य ठेवा. शीलावाचून बुद्धी दुसऱ्याचे घर जाळू शकते.