सोसण्याची अट

एलिझाबेथ एकफर्डच्या घरी टेलिफोन नव्हता. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातलं लिटल रॉक शहर, सप्टेंबर १९५७. सेंट्रल हायस्कूल या फक्त गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलंमुली पहिल्यांदाच जाणार होती. आदल्या रात्री बेत बदलला: सगळ्यांनी एकत्र जमायचं, काही धर्मगुरूंना बरोबर घेऊन निघायचं. निरोप फोनवरून फिरला आणि एकफर्डच्या घरी पोचलाच नाही. ४ सप्टेंबरला ही पंधरा वर्षांची मुलगी घरी शिवलेले कपडे घालून, शहरबसने, एकटीच शाळेपाशी उतरली. गव्हर्नर ऑर्व्हल फोबस यांनी उभ्या केलेल्या नॅशनल गार्डने तिला आत सोडलं नाही. मागे जमाव ओरडत होता. विल काउंट्सने टिपलेलं ते छायाचित्र जगभर गेलं.

छायाचित्रात वंशद्वेष दिसतो, टेलिफोन नसणं दिसत नाही. ती एकटी पडली ती रंगामुळे नव्हे, गरिबीमुळे. आणि गरिबीला कुणाच्या दुष्टाव्याची गरज लागत नाही. आपल्याकडेही शिष्यवृत्तीची मुदत कुणाकुणाच्या मोबाइलवर येऊन निघून जाते आणि ज्याला कळत नाही तो निष्काळजी ठरतो.

पुढचं पाठ्यपुस्तकात असतं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले आणि २५ सप्टेंबरला मुलं संगिनींच्या पहाऱ्यात शाळेत गेली. गोष्ट इथे संपवायची आपल्याला सवय आहे. खरी सुरुवात मात्र इथून होते. सैनिक मुलांबरोबर व्हरांड्यातून चालत. वर्गात आणि स्वच्छतागृहात त्यांना जाता येत नसे. तिथे धक्के, थुंकणं, जिन्यावरून ढकलणं चाले. आणि या नऊ जणांना आधीच बजावलेलं होतं: उलट उत्तर द्यायचं नाही, हात उचलायचा नाही. खेळ, वाद्यवृंद, मंडळं यांतही भाग घ्यायचा नाही. शाळेचे तास तेवढे मिळाले, शाळा मिळालीच नाही.

या नवांपैकी मला सर्वांत जवळची वाटते मिनिजीन ब्राउन, कारण तिला सोसवलं नाही. डिसेंबरात जेवणघरात मुलं वाटेत खुर्च्या सरकवून तिला अडवत होती. तिच्या हातातला रश्श्याचा वाडगा दोघांच्या अंगावर सांडला. तिला काही दिवस शाळेबाहेर ठेवलं. फेब्रुवारीत आणखी एका खटक्यात ती छेडणाऱ्या मुलीला उलट बोलली आणि कायमची काढली गेली. 'एक गेली, आठ राहिले' अशा चिठ्ठ्या गोऱ्या मुलांनी वाटल्या. मे १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीन तिथून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी झाला. त्याचं मोठेपण मी नाकारत नाही. पण उत्तीर्ण होण्यासाठी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी संत व्हावं, ही अट गोऱ्या मुलांना कुणी घातली होती?

मिनिजीन पुढे न्यूयॉर्कला केनेथ आणि मेमी क्लार्क यांच्या घरी राहून शिकली. काळ्यागोऱ्या बाहुल्या मुलांपुढे ठेवून, वेगळं ठेवल्याने त्यांच्या मनात न्यूनत्व कसं रुजतं हे दाखवणारे मानसशास्त्रज्ञ ते हेच. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या 'ब्राउन' निकालात त्यांच्या कामाचा आधार घेतला गेला. वेगळं बसवण्याने मन दुखावतं हे न्यायालयाला पटलं होतं. द्वेषाने भरलेल्या वर्गात एकट्याला बसवल्याने काय होतं, याचा हिशेब कुणी मांडला नाही. म्हणून वेगळ्या शाळाच बऱ्या होत्या असं नव्हे. दार उघडणाऱ्यांनी आतल्या हवेची जबाबदारी घेतली नाही, एवढंच. एकफर्डला पुढची कित्येक वर्षं नैराश्याने ग्रासलं. सेंट्रलमधून पदवीही तिला मिळाली नाही, कारण १९५८-५९ मध्ये शहरातली हायस्कुलंच बंद ठेवली गेली.

हे आपल्याला परकं वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांनाच. तरी दरवर्षी दहावीच्या निकालानंतर आपली वृत्तपत्रं एकच बातमी छापतात: मोलमजुरी करणाऱ्याच्या मुलीची परिस्थितीवर मात. मला या बातमीचा राग येतो. मुलीचं कौतुक व्हायलाच हवं, पण परिस्थिती कुणी घडवली हे त्यात कधीच नसतं. आणि मात न करू शकलेल्या, मिनिजीनसारख्या मुलीला तर त्या पानावर जागाच नाही.

मग ती दुसऱ्या पानावर येते. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आत्महत्या केली. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीने. पायल आदिवासी समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा तिच्या घरच्यांचा आरोप आहे. अशा वेळी मुलं मनाने कच्ची होती, असं हळूच बोललं जातं. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. भेदभावाविरुद्धचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१२ पासून कागदावर होतेच. ते प्रत्यक्षात पाळले जावेत, असं त्यांचं मागणं होतं.