अपानाचा अंमल

जोझेफ प्यूजोल हा मार्सेयचा पाव भाजणारा कारागीर १८९२ साली पॅरिसच्या मुलँ रूज नाट्यगृहात लाल कोट, काळी सॅटिनची विजार आणि पांढरे हातमोजे अशा दरबारी थाटात उभा राहिला, आणि गुदद्वाराने आत ओढून घेतलेली हवा इच्छेबरहुकूम सोडीत कधी तोफ, कधी मेघगर्जना ऐकवू लागला. ती हवा बाहेरचीच असल्यामुळे तिला दुर्गंध नव्हता. मेणबत्तीही तो तिने विझवीत असे. कॅथलीन क्रल आणि पॉल ब्रूअर या दांपत्याने बालकांसाठी लिहिलेले त्याचे यमकबद्ध, सचित्र, विनोदी चरित्र २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. असले चरित्र मुलांच्या हाती द्यावे काय, ही शंका केवळ शिष्टाचाराची आहे. तिच्या पोटात दडलेला प्रश्न मात्र धर्मचिंतनाचा आहे. देहावर मिळविलेला ताबा, तो ज्या इंद्रियावर मिळविला त्या इंद्रियामुळे हीन ठरतो काय?

आदिपापापूर्वी मनुष्याचे सर्व अवयव त्याच्या इच्छेच्या अमलाखाली होते आणि ईश्वराची अवज्ञा केल्यामुळेच कामेंद्रियांनी त्याच्याविरुद्ध बंड पुकारले, असे पाचव्या शतकात ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात प्रतिपादताना संत ऑगस्टीनने कान हलविणाऱ्यांची, हवा तेव्हा घाम आणणाऱ्यांची आणि, विशेष म्हणजे, अपानवायूने गाण्यासारखे निर्गंध स्वर काढणाऱ्यांची साक्ष काढली आहे. स्वर्गोद्यानातील हरवलेल्या सत्तेचा अवशेष त्या धर्माचार्याला येथे दिसला, आणि तो सांगताना त्याची लेखणी अडखळली नाही.

आपल्याकडे प्रश्नोपनिषदात, सम्राटाने गावोगाव अंमलदार नेमावेत त्याप्रमाणे मुख्य प्राण अपानाची नेमणूक गुदोपस्थांवर करतो, आणि तो हुद्दा हलका असल्याचे तेथे कोठेही सुचविलेले नाही. नाभीइतक्या पाण्यात उत्कटासनात बसून, गुदद्वारी नळी घालून, आकुंचनाने पाणी आत ओढण्याची बस्तिक्रिया हठयोग्यांनी शुद्धिकर्म म्हणूनच सांगितली. आणि प्यूजोललाही आपल्या शक्तीची पहिली जाणीव झाली ती समुद्रात बुडी मारून श्वास रोखला असता थंड पाणी आत शिरले तेव्हाच. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौली या पोटाच्या योगक्रियेच्या वेळी मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात स्थिती उत्पन्न होते हे उपकरणांनी मोजून दाखविले, आणि त्या निर्वाताला आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. शिष्याने गुरूचे नाव आतड्यातील पोकळीला द्यावे आणि ते आदराचे ठरावे, याहून निःसंदिग्ध उत्तर त्या प्रश्नाला मिळणे कठीण आहे.

योग्याचा हेतू शुद्धीचा व प्यूजोलचा उपजीविकेचा, हा भेद मला मान्य आहे. किंबहुना पहिल्या महायुद्धाच्या काळात रंगभूमी सोडून तो पुन्हा भट्टीकडेच वळला. परंतु ज्या देहधर्माची सम्राटापासून हमालापर्यंत प्रत्येकाला लाज वाटते, त्याच्यावर अभ्यासाने प्रभुत्व मिळवून त्याने सभागृहभर निर्मळ हशा पिकविला, हे कार्य मी अपवित्र मानावयास तयार नाही, आणि ते मुलांना यमकांत सांगणाऱ्या लेखकद्वयाचा मला मनापासून आदर वाटतो.