पट्टा तुटला नाही

आमच्या जुन्नर तालुक्यात बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार मोठा. लहानपणी आबांबरोबर, म्हणजे माझ्या वडलांबरोबर, मी तिथं जायचो. एकदा घरचा बैल विकायला नेला. दिसायला देखणा, दात जुळलेला, पण ऊन तापलं की जुवाखाली बसायचा. गिऱ्हाईकानं दात बघितले, पाठीवर थाप मारली, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरला. तेव्हा आबा म्हणाले, "पाव्हनं, एक खोड सांगायची ऱ्हायली. दुपारच्याला बसतो ह्यो." गिऱ्हाईकानं भाव पाडला. घरी येताना मी फुरंगटून म्हणालो, "त्यानं इचारलंच न्हवतं, मग सांगितलं कशापायी?" आबा म्हणाले, "दात त्याला दिसत्यात. बसनं मलाच ठावं हाय."

हे बोलणं मला कळलं ते साठीच्या आसपास, एक गाडी विकल्यावर.

गाडी जुनी, डिझेलवरची. मी सेकंडहँडच घेतली होती. मीटरवर एक लाखाच्या वर किलोमीटर झाले तेव्हा मिस्त्री म्हणाला, "नाना, टायमिंग बेल्ट बदलून टाका. पुस्तकात एक लाख लिव्हलंय."

पिठाच्या गिरणीचा पट्टा आपण सगळ्यांनी बघितलाय. ढिला झाला की घसरतो, कुईकुई करतो. इंजिनातला हा पट्टा तसा नाही. तो रबराचा, पोटात काचेच्या धाग्यांचे दोर, आतल्या अंगाला दात. खाली क्रँक फिरतो, वर कॅमशाफ्ट. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक. त्यावर व्हॉल्व्ह उघडतात नि मिटतात. पिस्टन वर यायच्या आत व्हॉल्व्हनं बाजूला व्हायचं असतं. ती वेळ हा पट्टा सांभाळतो. आमच्या गाडीसारख्या इंजिनात तो चालता चालता तुटला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, सगळं हेड उतरवावं लागतं. काही गाड्यांना पट्ट्याऐवजी साखळी असते. ती तेलात फिरते, जास्त टिकते, आणि सैल झाली की सकाळी गाडी चालू करताना खडखड करून सांगते तरी. पट्टा बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. झाकणाखाली गपचूप म्हातारा होतो. गाडी दारात उभी राहिली तरी रबराचं वय वाढतंच.

पट्टा, त्याचा टेन्शनर, सोबत वॉटर पंप, असा नऊ हजारांचा खर्च मिस्त्रीनं काढला. ते 2018 साल. हिवाळ्यात कांद्याचा भाव असा पडला की गोणीचे नि गाडीभाड्याचे पैसे निघेनात. म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. असे चार महिने गेले आणि मी गाडीच विकायला काढली.

शेजारच्या गावचे एक शाळामास्तर बघायला आले. तरुण माणूस. बॉनेट उघडून वाकून बघितलं, पण त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. म्हणाले, "नाना, काही काम निघेल का?" मी म्हणालो, "तुम्हीच ऐका की. आवाज येतोय का काही?"

आवाज नव्हताच. माझा एकही शब्द खोटा नव्हता. पण मी खोटं बोललो, हे मला तिथंच, त्यांच्यापुढं उभा असतानाच कळलं होतं.

आषाढात मास्तर पेढे घेऊन आले. मुलगी झाली होती. बायकोला बाळंतपणाला कल्याणला माहेरी सोडायचं होतं, म्हणून भर पावसात रात्रीचा माळशेज घाट उतरले होते. "गाडीनं नाव राखलं तुमचं," म्हणाले. पेढा माझ्या घशाखाली उतरेना. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा होतो. पुढं धुकं, बाजूला दरी, मागच्या सीटवर दिवस भरलेली बाई.

त्या रात्री मी मनाशी खूप वाद घातला. जुनी वस्तू घेणाऱ्यानं बघून घ्यावी, अशी जगाची रीत आहे. पण बघून घ्यावी म्हणजे काय? जे दिसतं ते. जे झाकणाखाली आहे, ते घेणाऱ्यानं कसं बघावं? ते ज्याला ठाऊक आहे, ते ओझं त्याचंच. आबांनी बेल्ह्याच्या बाजारात हेच सांगितलं होतं.

पंधरवड्यानं मास्तरांची मंडळी घरी आल्याचं कळलं. नऊ हजार खिशात घालून गेलो आणि सगळं सांगितलं. मास्तर हसून म्हणाले, "झालं नाही ना काही? मग सोडा की." त्यांची बायको पाळण्याची दोरी धरून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "घाटात मी होते, नाना." पुढं काही बोलली नाही. उठून चहा मात्र केला.

दुसऱ्या दिवशी पट्टा बदलला. काढलेला पट्टा मी हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. एक चीर नाही, एक दात झिजलेला नाही. मिस्त्री म्हणाला, "ह्याचं बघून कळत न्हाई. आनखी धा हजार किलोमीटर चालला असता, न्हाईतर उंद्या तुटला असता."

क्षणभर मला बरं वाटलं. वाटलं, म्हणजे आपण काही वाईट केलं नव्हतं. पण रस्त्यानं येताना ते सुख टिकलं नाही. पट्टा चांगला निघाला, म्हणून मी चांगला ठरत नाही. मी तोंड मिटलं तेव्हा तो कसा आहे, हे मला माहीत नव्हतं. तो तुटेल की टिकेल, हे मी दुसऱ्याच्या जिवावर सोडलं होतं. पुढं काय घडलं ते नशिबाचं. गप्प बसणं माझं.

एक गोष्ट अजून सुटत नाही. मी सांगायला गेलो, ते त्या पोरीच्या जिवासाठी, की माझ्या झोपेसाठी? दोन्हीसाठी असेल. आबांनी मात्र पैसे हातात पडायच्या आधी सांगितलं होतं, मी नंतर. नऊ हजारांनी पट्टा आला, तो मधला वेळ काही परत आला नाही.

मास्तर अजून रस्त्यात भेटले की थांबून रामराम करतात. त्यांची बायको पदर सारखा करून पुढं निघते. तिचं काही चुकतं, असं मला वाटत नाही.